केंद्रक टाकून कामाला लागणाऱ्या पेशी

घोंगडी विकत घेताना जाणतं गिऱ्हाईक कडेचा एक धागा ओढतं आणि काडी लावून बघतं. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि हलकी राख उरते. लोकर असेल तर धागा आक्रसतो, टोकाला काळी गोळी धरते, ती बोटांत चुरडते, आणि नाकाला कळतं की केस जळलाय. सांगोला-माळशिरसकडच्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर असो की सलूनच्या फरशीवर पडलेले आपले केस, वास एकच. तो गंधकाचा.

केसाचं मुख्य प्रथिन केराटिन. त्यात सिस्टीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं. शरीरातल्या बहुतेक प्रथिनांत ते शेकडा २-३ असतं, केसात १० हून जास्त. दोन सिस्टीन समोरासमोर आले की त्यांच्या गंधकांचा एकमेकांशी बंध जुळतो. असे असंख्य बंध केसाला चिवट करतात. सोलापूरकरांना हे मागाच्या भाषेत लगेच समजेल: केराटिनचे लांब तंतू म्हणजे ताण्याचं सूत आणि त्यांच्यामध्ये भरलेली गंधकयुक्त लहान प्रथिनं म्हणजे खळ. पार्लरमध्ये रीबाँडिंग करतात तेव्हा आधी एका द्रावाने हे गंधकाचे बंध तोडतात, केस सरळ ओढतात आणि दुसऱ्या द्रावाने बंध नव्या जागी जुळवतात. दोन-तीन महिन्यांत मुळाशी पुन्हा मूळचे कुरळे केस डोकावतात, कारण खालच्या कारखान्याला वर काय झालं याचा पत्ताच नसतो.

तो कारखाना कातडीखाली तीन-चार मिलिमीटरवर असतो. केसाच्या मुळाच्या गड्ड्यातल्या पेशी शरीरात सर्वांत भराभर विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या वर सरकत प्रथिनांनी गच्च भरतात, केंद्रक मोडीत काढतात आणि मरतात. त्यातून महिन्याला साधारण एक सेंटिमीटर केस बाहेर येतो. बाहेर आलेल्या केसात पोषण घेणारं जिवंत असं काहीच नसतं. तेलाने केस मऊ राहतो, कमी तुटतो, एवढं खरं. ‘केसाला आतून पोषण’ हे बाटलीवरचं वाक्य मात्र जाहिरातवाल्यांचं.

मुळात वाढणाऱ्या केसाभोवती एक आतलं आवरण असतं. केस अजून मऊ असतानाच ते कडक होतं आणि केसाला आकार देतं. काम झालं की वर तैलग्रंथीच्या पातळीला ते विरघळून जातं, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही. ऑस्ट्रेलियात लोकरीवर संशोधन करणारे जॉर्ज रॉजर्स याच आवरणाच्या मागे लागले होते. १९५८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की केसाच्या मुळातल्या एका प्रथिनात सिट्रुलिन आहे. त्या काळी ही विचित्रच गोष्ट होती. सिट्रुलिन माहीत होतं ते कलिंगडाच्या रसातून, जपानी शास्त्रज्ञांनी वेगळं काढलेलं. प्रथिनं बांधणाऱ्या २० अमिनो आम्लांच्या यादीत ते नाही आणि डीएनएमध्ये त्याच्यासाठी संकेतही नाही. मग प्रथिनात आलं कुठून?

उत्तर असं निघालं की प्रथिन आधी नेहमीच्या पद्धतीने बनतं. नंतर एक विकर (एन्झाइम) त्यातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर काम करून त्याचं सिट्रुलिन करतं. त्यात आर्जिनिनचा धन विद्युतभार जातो, प्रथिनाची घट्ट घडी सैल होते, पेशीत गोळा होऊन बसलेलं ते विरघळून पसरतं. मग दुसरं विकर, ट्रान्सग्लुटामिनेज, येतं आणि एका साखळीतलं ग्लुटामिन दुसरीतल्या लायसिनला कायमचं सांधतं. केसाच्या प्रथिनातला हा सांधा रॉजर्स यांच्या प्रयोगशाळेतूनच १९७१ मध्ये पुढे आला. गंधकाचा बंध पार्लरच्या द्रावाने तुटतो; हा सांधा आपल्या पोटातल्या पाचक विकरांनाही तोडता येत नाही. या साखळीतलं काही बिघडलं तर काय होतं, याचं उदाहरण काही मुलांच्या डोक्यावर दिसतं. त्यांचे केस चंदेरी, कोरडे, चहूकडे उभे राहिलेले असतात आणि कंगव्याला दाद देत नाहीत. २०१६ मध्ये या दुर्मीळ विकाराची तीन जनुकं सापडली: एक ते आवरणातलं प्रथिन बनवणारं, दुसरं आर्जिनिन बदलणाऱ्या विकराचं, तिसरं सांधा घालणाऱ्या विकराचं. लोकरीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मांडलेली साखळी तीनही कड्यांसकट पटली.

‘मेंढीच्या केसाच्या मुळात काय आहे’ यावर सरकारी पैसा कशाला, असं विचारणारे तेव्हाही असतीलच. त्यांच्यासाठी पुढची गोष्ट. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात, सुजतात, तेव्हा सोलापुरातले डॉक्टरही आमवाताच्या शंकेने अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी लिहून देतात. ती रक्तात शोधते सिट्रुलिन असलेल्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं. आमवाताच्या रुग्णांची प्रतिपिंडं कातडीतल्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात हे आधी कळलं होतं. पण ती नेमकी सिट्रुलिनलाच धरतात, हे १९९८ मध्ये स्पष्ट झालं. पहिली सीसीपी चाचणी फिलॅग्रिनच्याच तुकड्यावरून बेतलेली होती. दुखतो सांधा, आणि खूण सापडली कातडीत.

कातडीतही त्याच दोन प्रकारची विकरं राबतात. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी साधारण महिनाभरात पृष्ठभागावर पोहोचते. वाटेत ती केराटिनने भरते, पापुद्र्यासारखी चपटी होते, ट्रान्सग्लुटामिनेज तिच्या कडेची प्रथिनं सांधून अभेद्य पाकीट बनवतं, आणि केंद्रक नाहीसं होतं. हात पुसल्यावर टॉवेलला लागतात त्या याच पेशी. ज्या बाळांमध्ये हे सांधणारं विकर सदोष असतं, त्यांपैकी काही अंगावर चकचकीत ताणलेला पापुद्रा घेऊनच जन्माला येतात.

फिलॅग्रिनचं काम मात्र दुहेरी आहे. आधी ते केराटिनच्या तंतूंना दाबून एकत्र बांधतं. मग वरच्या थरात स्वतःच तुटून त्याची सुटी अमिनो आम्लं होतात, आणि ती पाणी धरून ठेवतात. त्वचेचं हे घरचं मॉइश्चरायझर. उंदरांच्या नवजात पिल्लांवरच्या १९८६ मधल्या प्रयोगांत दिसलं की भोवतालची हवा फार दमट असेल तर फिलॅग्रिन तुटतच नाही. हवा कोरडी झाली की तुटायला लागतं. म्हणजे कातडी हवेतला ओलावा ओळखून ओल राखण्याची सोय करते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिनचं जनुक बिघडलं की माशाच्या खवल्यांसारखी कोरडी त्वचा येते आणि मुलांना होणाऱ्या इसबाचा धोकाही वाढतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अशा मुलांना अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावायला सांगतात, ते यासाठीच: आतून कमी पडणारी सोय बाहेरून.

आता डोळा. भ्रूणात कातडी, केस आणि डोळ्याचं भिंग हे तिन्ही एकाच बाहेरच्या थरातून घडतात. त्या थराचा एक ठिपका आत दबतो, सुटा होतो आणि भिंग होतो. भिंगातल्या पेशीही प्रथिनांनी भरतात, लांब तंतू होतात आणि केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया सगळं मोडून टाकतात, कारण प्रकाशाच्या वाटेत काही राहिलं तर धूसर दिसेल. केंद्रकातला डीएनए चिरायला प्रत्येक ठिकाणी वेगळं विकर आहे. भिंगातलं विकर नसलेल्या उंदरांमध्ये डीएनए तसाच साचून राहिला आणि भिंग गढूळ झालं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं. केसाचं आणि नखाचं विकर निराळं. गुन्ह्याच्या जागी मुळासकट केस सापडला तर पोलिसांचं काम सोपं होतं, तेही यामुळेच: वरच्या काडीत केंद्रकातला डीएनए फारसा उरलेलाच नसतो.

फरक एवढाच की केस गळतो, कातडी झडते, भिंगातून मात्र काहीच बाहेर पडत नाही. नवे तंतू बाहेरून चढत जातात, जुने आत दबतात. गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाची. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन भिंगात मोजून माणसाचं जन्मवर्ष अंदाजता येतं, हे डेन्मार्कमध्ये २००८ साली दाखवलं गेलं.

सत्तर-ऐंशी वर्षं एकच प्रथिन वापरायचं म्हणजे त्याची मोडतोड होणारच. भिंगाच्या वजनात प्रथिनं जवळजवळ एक तृतीयांश असतात, मुख्यतः क्रिस्टॅलिन. त्यातलं अल्फा-क्रिस्टॅलिन इतरांची काळजी घेतं, हे जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं: उष्णतेने किंवा वयाने एखाद्या प्रथिनाची घडी उलगडायला लागली की ते त्याला धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही. पण मेलेल्या तंतूंत नवं अल्फा-क्रिस्टॅलिन बनत नाही. साठा संपत जातो आणि मग गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो. हाच मोतीबिंदू. ट्रान्सग्लुटामिनेजचा तो कायमचा सांधाही मोतीबिंदू झालेल्या भिंगांत आढळला आहे. केसाला आकार देणारी युक्ती इथे नडते.

रेल्वेने रातोरात गाठता येणाऱ्या हैदराबादेत डी. बालसुब्रमणियन यांनी आधी सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था आणि मग एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत यावर कित्येक वर्षं काम केलं: प्रकाशाने आणि ऑक्सिडीकरणाने भिंगातल्या प्रथिनांचं काय होतं, हा त्यांचा विषय. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरच्या ८३८ कोळ्यांच्या १९८८ मधल्या अभ्यासात अतिनील-बी किरणं जास्त झेललेल्यांना भिंगाच्या बाहेरच्या भागातला मोतीबिंदू अधिक आढळला. ज्वारीच्या नाहीतर डाळिंबाच्या रानात दिवस काढणाऱ्याने रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरणं अडवणारा चष्मा वापरावा, याला एवढा आधार पुरे. विडी-सिगारेट आणि आटोक्यात नसलेली साखर हे धोके तर आहेतच.

थेंब घालून मोतीबिंदू विरघळवण्याच्या गोष्टी ऐकू येतात. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने कुत्र्यांच्या भिंगातला गढूळपणा कमी झाल्याची बातमी जगभर गाजली. त्याच वर्षी भारतीय डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले मोतीबिंदूंचे गाभे लॅनोस्टेरॉलच्या द्रावात ठेवून पाहिले. काही फरक पडला नाही. ऑनलाइन विकले जाणारे थेंब घेऊन वेळ घालवू नये, असं माझं मत.

शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून त्याच्या पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या कडेला काही जिवंत पेशी मागे उरतात आणि त्या विभागत राहतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या पिशवीच्या मागच्या पडद्यावर पसरल्या की पुन्हा धुरकट दिसतं, आणि ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून घरचे घाबरतात. तो परत येत नसतो. याग लेसरने त्या पडद्याच्या मधोमध झरोका पाडतात. टाका नाही, पट्टी नाही, काही मिनिटांचं काम.