पैसा आला केबलसाठी, हाती लागले जीव: दोनापावलापर्यंत पोचलेलं सागरी जीवशास्त्र

पणजीत पायलटला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला, नुसतं 'एनआयओ' सांगितलं तरी तो दोनापावलाच्या सर्कलला बरोबर नेऊन सोडतो, पण आत नेमकं काय चालतं असं विचारलं तर 'ते समुद्राचं काहीतरी रिसर्च' याच्या पुढे गाडी जात नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची, स्थापना १ जानेवारी १९६६. ती का निघाली, आणि समुद्रातले जीव अभ्यासायची ही सगळी खटपट मुळात आली कुठून, हे शोधत मागे जायला लागलं की एक गोष्ट सारखी दिसत राहते. निव्वळ जीवांसाठी म्हणून कुणी खिशात हात घातलाय असं फार क्वचित झालंय. औषधांचा व्यापार, तारायंत्राची केबल, आरमाराचे नकाशे, मासळी, तळावरची खनिजं, पैसा यांच्यासाठी सुटला आणि जीव त्याच्याबरोबर जाळ्यात आले.

गोव्यापुरतं बघायचं तर सुरुवात गार्सिया द ओर्तापासून करायला लागेल, पणजीत चर्चजवळचा बगीचा ज्याच्या नावाचा आहे तोच. पोर्तुगीज डॉक्टर, गोव्यात वर्षानुवर्षं राहिला, आणि १५६३ साली त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं, सगळं संवादाच्या रूपात, एक विचारतो आणि दुसरा सांगतो असं. पुस्तक मुख्यतः झाडपाल्याचं, पण मध्येच मोती येतात, अंबर येतं, मालदीवचा नारळ येतो, कारण बाजारात हेही औषध म्हणूनच विकलं जायचं. अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा गोळा हे आता मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं, त्या काळी त्यावर नाना मतं होती. आणि तो दुहेरी नारळ वाहत किनाऱ्याला लागायचा म्हणून त्याचं झाड समुद्राच्या पोटात उगवतं अशी लोकांची समजूत, खरं झाड सेशेल्समध्ये युरोपियनांना सापडलं ते १७६८ मध्ये. म्हणजे समुद्रातून बाहेर पडलेल्या वस्तूची किंमत सगळ्यांना ठाऊक होती, ती आली कुठून हे मात्र कुणालाच नाही.

मधली वर्षं सोडून देऊ. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स नावाच्या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने एजियन समुद्रात ड्रेज टाकून, म्हणजे तळ खरवडणारी पिशवी ओढून, असा निष्कर्ष काढला की खाली जाऊ तसे जीव कमी कमी होत जातात आणि ३०० फॅदमच्या खाली, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली, काहीच नसणार. आता हसू येतं पण माणूस काही येडा नव्हता, एजियनच्या खोल तळाशी जीव खरंच विरळ आहेत आणि त्याची ती पिशवी चिखलाने लगेच भरून जायची. त्याच्या मताला मोठा धक्का दिला तो एका केबलने. १८६० मध्ये भूमध्य समुद्रातली, सार्डिनिया ते अल्जेरिया अशी टाकलेली तार बिघडली म्हणून वर ओढली, दोन हजार मीटरच्या आसपास खोलीवरून, तर तिला प्रवाळ आणि इतर जीव चिकटून वाढलेले! जाळ्यातून आलेला नमुना असता तर कुणीतरी म्हणालं असतं की वर येताना वाटेत सापडला असेल, पण चिकटून वाढलेल्या जीवाला तसं म्हणता येत नाही. तार दुरुस्त करायला गेलेल्या इंजिनिअरांनी वादाची पार दिशाच बदलून टाकली.

त्यानंतर चॅलेंजर. १८७२ च्या डिसेंबरात इंग्लंडहून निघालेलं हे जहाज १८७६ ला परतलं, बरोबर हजारो नमुने, साधारण ४,७०० नव्या जाती, आणि रिपोर्टचे ५० खंड, त्यातला शेवटचा निघायला १८९५ उजाडलं. समुद्रविज्ञान इथून सुरू झालं असं सरसकट लिहितात आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. मला यातला आवडता किस्सा मात्र बॅथिबियसचा. टी. एच. हक्सलेने १८६८ मध्ये खोल समुद्राच्या चिखलाच्या जुन्या नमुन्यात एक जेलीसारखा थर पाहिला आणि हा जीवसृष्टीचा आद्य पदार्थ असं ठरवून त्याला नावसुद्धा देऊन टाकलं. चॅलेंजरवरच्या केमिस्टला, बुकॅननला, ताज्या चिखलात तो कुठेच दिसेना. शेवटी कळलं की नमुना टिकावा म्हणून अल्कोहोल ओतलं की समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट साक्याच्या रूपात खाली बसतं, तोच हा आद्य पदार्थ. हक्सलेने ते मोकळेपणाने मान्य केलं हे त्याचं मोठेपण, पण हा माणूस आपल्याला पुढे परत भेटणार आहे.

एक गोष्ट मात्र झाली, चॅलेंजर आफ्रिकेच्या टोकाच्या केपवरून खाली दक्षिणेला केर्गेलेन बेटाकडे आणि बर्फाकडे गेलं आणि तिथून ऑस्ट्रेलियाला. अरबी समुद्र राहिलाच. ब्रिटिश हिंदुस्थानात इन्व्हेस्टिगेटर नावाचं सर्वेक्षण जहाज होतं, काम बंदरांचे नि खोलीचे नकाशे करणं, पण त्यावर एक डॉक्टर नेमायचे आणि त्यानेच फावल्या वेळात प्राणी गोळा करायचे अशी सोय होती. १८८८ पासून काही वर्षं हे काम आल्कॉक नावाच्या डॉक्टरने केलं, खोल समुद्रातले मासे आणि खेकडे त्याने ज्या बारकाईने नोंदवले ते आजही काढून बघतात. नमुने गेले कलकत्त्याच्या म्युझियममध्ये. गोवा पोर्तुगीजांकडे, तेव्हा या खेळात आपण नव्हतोच. मग १९३३-३४ मध्ये इजिप्तचं माबाहिस जहाज सीमोर सेवेलच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्रात फिरलं आणि मधल्या खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नाहीच असा पाण्याचा जाडच्या जाड थर असल्याचं मोजून दाखवलं. साधारण १५० मीटरपासून हजारेक मीटरपर्यंतचा हा थर. हे लक्षात ठेवा, शेवटी गोव्यातल्या कांदोळी बीचवर याचा संबंध येतो.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की सगळ्यात कमी माहिती असलेला महासागर म्हणजे हिंदी महासागर, आणि त्याच्या काठावर तर जगातली प्रचंड लोकसंख्या, तीही प्रोटीनला मोताद. मान्सून समजून घ्यायचा होता, मासळी किती निघेल ते बघायचं होतं, आणि थोडं शीतयुद्धाचं राजकारणही होतंच. त्यातून १९५९ ते १९६५ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, चाळीसहून जास्त जहाजं, त्यात आपल्या नौदलाची किस्तना. अमेरिकेचं आंतॉन ब्रून हे जहाज तर आधी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची यॉट होती म्हणे, आणि ते खरंच आहे.

इतके देश म्हटल्यावर प्रत्येकाचं जाळं वेगळं असेल तर तुलना कसली करणार, म्हणून सगळ्यांसाठी एकच जाळं ठरवलं. तोंड बरोबर १ चौरस मीटरचं, २०० मीटर खोल सोडायचं आणि सरळ उभं वर ओढायचं. येईल तो प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, फॉर्मलिनच्या बाटलीत. आणि या बाटल्या जमा झाल्या कोचीला, खास यासाठी काढलेल्या केंद्रात, तिथे माणसं मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास बसून कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव एकीकडे, खेकड्यांची पिल्लं एकीकडे, माशांची अंडी एकीकडे असं निवडत बसली, अगदी तांदूळ निवडतात तसं. मला विचाराल तर भारतातल्या सागरी जीवशास्त्राचा खरा पाया ही निवडणारी माणसं, जहाजांचे फोटो छापून येतात पण बाटल्यांचे नाही.

मोहीम संपली, माणसं शिकून तयार, नमुने पडलेले, मग त्यातून एनआयओ उभी राहिली, गोवा मुक्त होऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती, आणि पुढे ती गोव्याच्या वाट्याला आली. पहिले संचालक एन. के. पणिक्कर. हा माणूस गोव्याला अगदी शोभणारा, कारण १९४० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं होतं ते कोळंबीवर, म्हणजे आपल्या सुंगटांवर. प्रश्न साधा होता, कोळंबी खाऱ्या पाण्यातही जगते आणि निमखाऱ्यातही, तर तिच्या रक्ताचं काय होतं? तर पाणी गोडसर झालं की ती रक्तातला खारटपणा बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवते आणि पाणी पूर्ण समुद्राचं असलं की कमी, म्हणजे दोन्हीकडून स्वतःला सांभाळते. आता हे आपल्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, नेऊन बघा. भरतीबरोबर बारीक पिल्लं नदीतून मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर करायच्या झडपेच्या, दारातून आत येतात, निमखाऱ्या पाण्यात पोसतात, आणि ओहोटीला परत जायला निघाली की रात्री दारावर जाळं लावून धरतात. मानशीवर बसणाऱ्याला भरती-ओहोटीचं हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ, त्यावर त्याचं घर चालायचं. रक्तात काय घडतं ते बघायला मात्र प्लिमथची प्रयोगशाळा लागली.

पुढचा पैसा खनिजांचा. १९७६ मध्ये एनआयओकडे गवेषणी आली, मूळचं गाळ वाहायचं जहाज, त्यात बदल करून रिसर्चला घेतलेलं. २६ जानेवारी १९८१ ला गवेषणीने समुद्रतळावरून मँगनीजचे गोळे वर काढले, बटाट्याएवढे काळे, आणि देशभर बातमी झाली. त्याच डिसेंबरात संस्थेचे आधीचे संचालक डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली तीही गोव्यातूनच, वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे त्याची मुळं इथली. गोळ्यांसाठी भारताकडे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा तुकडा आहे, तळ पाच किलोमीटरच्या खाली. काढायचे तर तिथल्या जीवांचं काय होईल ते आधी सांगा असा नियम आला, आणि त्यामुळे त्या चिखलातल्या मिलिमीटरभर किड्यांची मोजदाद झाली. गोळे अजून कुणी धंद्यासाठी काढलेले नाहीत, किड्यांवरचे पेपर मात्र निघाले.

मासळीचं प्रकरण वेगळं आणि जास्त कडू. मघाचा हक्सले १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात म्हणाला होता की समुद्रातली मोठ्या प्रमाणावर मिळणारी मासळी बहुधा कधी संपणारच नाही, आपण कितीही मारले तरी फरक पडत नाही. तो बोलत होता कॉड-हेरिंगबद्दल आणि वाफेच्या बोटींनी जोर धरण्याआधी. आपल्याकडे १९७० च्या दशकात ट्रॉलर नि पर्ससीनवाले, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, किनाऱ्याजवळ घुसले तेव्हा रापणकारांना काय होणार ते लगेच कळलं, कारण रापण किनाऱ्यावरूनच ओढतात, बांगडा-तारला जवळ आलाच नाही तर शेकडो हात रिकामे. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, माथानी साल्ढाणांचं नाव तेव्हाच गाजलं, आणि १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. सध्या १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात ना, त्याच्या मागे माशांच्या विणीच्या हंगामाची माहिती आहे पण ती कागदावरून अंमलात यायला आंदोलनं लागली. कायदा पाळला किती जातो हे मालिम जेट्टीवर जाऊन विचारा, मी इथे लिहीत नाही.

आणि शेवटी कांदोळी. बीचवर शॅकवाले छत्र्या लावतात त्याच्याच समोर, थोडं आत, पंचवीस-तीस मीटर पाण्यात एनआयओचं एक ठिकाण आहे जिथे वर्षानुवर्षं जाऊन पाणी काढतात. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे खालचं ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं, वरून पाऊस आणि मांडवी-झुवारीचं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. वर शेवाळ माजतं, मरून खाली पडतं, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं. मग बॅक्टेरिया नायट्रेटवर जगतात आणि तेही संपलं की सल्फेटवर, आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, हायड्रोजन सल्फाइडचा. डॉ. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मधली ही स्थिती २००० साली प्रसिद्ध केली, त्यात नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायूही इथून मोठ्या प्रमाणात सुटतो असं दिसलं. सेवेलच्या जहाजाने मोजलेला थर खोल समुद्रातला, आणि हा अगदी दाराशी, तोही दरवर्षी. माणसाने शेतातून नि गटारातून सोडलेल्या नायट्रोजनचा यात वाटा किती, यावर तेव्हापासून काम चालू आहे.

अडचण अशी की खालचं पाणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात वाईट असतं, म्हणजे बंदी उठून बोटी जोरात लागलेल्या असतात तेव्हाच, आणि तळाजवळचा मासा त्या पाण्यातून बाजूला सरकलेला असतो. हे सगळं सुरू होतं जून-जुलैत, तेव्हा समुद्र असा खवळलेला की छोट्या बोटीने नमुना आणायला जाणं अवघड. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांची नोंद विरळ, पुढच्या महिन्यांची दाट, असा हा डेटा साठत गेलाय.