विचित्र पात्यांचा हिशेब : टेबलावरच्या लढाईची पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या, टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र वठवायच्या खेळात मुरलेल्या खेळाडूच्या पात्राकडे बरेचदा साधी तलवार नसते. कुणी ग्लेव्ह (लांब दांड्यावरचं पातं) घेतो, कुणी दोन्ही हातांत कुकऱ्या, तर कुणी लांब दांड्याचा विळा. बघणाऱ्याला ती निव्वळ हौस वाटते. हौस असतेच, पण मला तरी बहुतेक वेळा त्या निवडीमागे नियमपुस्तकातला एखादा रकाना दिसतो. गेल्या ५० वर्षांत हे रकाने बदलत गेले आणि त्यांच्यामागोमाग हत्यारंही.

सुरुवातीला असा रकानाच नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात खंजिराने मारा की दोन हाती तलवारीने, डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, एका सहा बाजूंच्या फाशाचंच. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीने प्रत्येक हत्याराला आपापला फासा दिला, शिवाय माणसापेक्षा मोठ्या शत्रूसाठी वेगळा आकडा. लांब तलवार माणसावर १ ते ८, राक्षसावर १ ते १२. हत्यारांच्या यादीवर घासाघीस सुरू झाली ती इथून.

गायगॅक्स मुळात युद्धखेळांचा माणूस. जेफ पेरेनसोबत १९७१ साली काढलेल्या चेनमेल या युद्धखेळात कुठलं हत्यार कुठल्या चिलखतापुढे चालतं याचा तक्ता होता. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेयर्स हँडबुकात ही कल्पना अधिक-उण्यांच्या जाळीसारखी परत आली, आणि तिच्यासोबत ती प्रसिद्ध यादी : बार्डिश, फोशार्ड, फोशार्ड-फोर्क, गिझार्म, बिल-गिझार्म, व्हूल्ज, रॅन्स्यूर, स्पेटम. दांड्यावर बसवलेल्या पात्यांची ही जत्रा आज विनोदाचा विषय आहे. १९८५ च्या अनअर्थ्ड आर्कानात तर त्यांच्या नावांवर एक आख्खं परिशिष्ट आहे. पण मध्ययुगीन युरोपच्या पायदळाला घोड्यावरचा चिलखतबंद स्वार खाली ओढायला आकडा (हुक) हवा होता, पत्रा फोडायला चोच हवी होती आणि कापायला पातं. दांड्याच्या टोकाला यातलं काय काय जोडायचं, यातून इतके प्रकार निघाले. चिलखताच्या तक्त्यात त्या प्रत्येकाला थोडाफार अर्थ होता.

अडचण एवढीच की दर वाराला तो तक्ता बघणं जिवावर येई. बहुतेक टेबलांवर तो गुंडाळून ठेवला गेला. नियम गेला, यादी उरली, आणि गिझार्म का घ्यायचा याचं उत्तर हरवलं.

त्याच आवृत्तीतले दोन साधे हिशेब मात्र जास्त कामाचे ठरले. पहिला जागेचा. लांब तलवार फिरवायला ३ फूट लागत, दोन हाती तलवारीला ६ फूट. १० फुटी भुयारात लांब तलवारीवाले तिघं शेजारी शेजारी लढू शकत, दोन हाती तलवारवाला एकच. दुसरा हिशेब खजिन्याचा. योद्ध्याला सुरुवातीला फक्त ४ हत्यारांचं कसब मिळे. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे सापडणाऱ्या जादुई तलवारींतल्या ७० टक्के लांब तलवारी असत, दोन हाती तलवार अवघी १ टक्का. फोशार्ड-फोर्क शिकलेल्याने कशाची वाट बघायची? अनवट हत्यार न घेण्याचं इतकं ठोस कारण पुढे कधी मिळालं नाही.

स्टीव्ह जॅक्सनच्या १९८६ च्या गर्प्स या अशाच दुसऱ्या खेळाने वेगळी वाट काढली. चिलखत आधी डॅमेजमधून वजा होतं. उरलेलं, कापणाऱ्या पात्याचं असेल तर दीडपट आणि भोसकणाऱ्याचं असेल तर दुप्पट. तिथे पात्याचा आकार हाच हिशेब. माझ्या मते तो जास्त प्रामाणिक, पण लोकप्रियता डी अँड डीचीच राहिली.

खरी उलथापालथ २००० साली तिसऱ्या आवृत्तीने केली. डी अँड डी काढणारी टीएसआर कंपनी १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. नव्या नियमांत प्रत्येक हत्याराला क्रिटिकलचे, म्हणजे कित्येक पट डॅमेज करणाऱ्या वर्मी वाराचे, दोन आकडे मिळाले : वीस बाजूंच्या फाशावर किती पडलं तर, आणि किती पट. ग्रेटस्वोर्डचं, म्हणजे दोन हाती तलवारीचं, डॅमेज सरासरी ७, क्रिटिकल १९-२० ला. वक्र पात्याच्या फाल्शनचं सरासरी ५, पण क्रिटिकल १८-२० ला. दोन्ही दुप्पट. वरवर पाहता फाल्शन तोट्याचा. पण क्रिटिकलची कक्षा दुप्पट करणारी जादू दोन्हींवर चढवली की फाल्शन ३० टक्के, ग्रेटस्वोर्ड २० टक्के. ताकद, जादू वगैरेंमुळे दर वाराला मिळणारी बेरीज १९ च्या वर गेली की फाल्शन पुढे. २००३ च्या ३.५ आवृत्तीआधी तर कक्षा वाढवणाऱ्या अशा दोन गोष्टी एकावर एक चढत, तेव्हा १३ ची बेरीजही पुरे. गुरख्यांमुळे आपल्या ओळखीची कुकरी याच कारणाने जोडीने वापरली जाई : फासा छोटा, पण कक्षा १८-२०.

कट्यार तिथे पंचिंग डॅगर नावाने आहे. तिचा क्रिटिकल फक्त २० ला, पण तिप्पट. सरासरी काढली तर १९-२० ला दुप्पट देणाऱ्या खंजिराइतकीच, शिवाय खंजीर फेकताही येतो. मग ती कोण घेणार? निपचित पडलेल्या शत्रूचा गळा कापणारा. तो वार आपोआप क्रिटिकल धरला जातो, म्हणून तिथे फक्त पट मोजायची. लांब दांड्याचा विळा, म्हणजे साइद, चौपट. मांत्रिकाने शत्रूला जागीच खिळवायचं आणि विळेवाल्याने पुढे व्हायचं, हा डाव अनेक टेबलांवर चाले. (इतक्या देशोदेशींच्या पात्यांना जागा मिळूनही मूळ यादीत दांडपट्टा नाही, हे मला खुपतं.)

गिझार्मलाही याच आवृत्तीत काम मिळालं. ५ फुटांच्या चौकटींवर लढताना तो १० फुटांवर पोचतो. शत्रू जवळ सरकायला लागला की फुकटचा वार मिळतो, आणि त्या वारात त्याला पाडताही येतं. गिझार्मच्या आकड्याचं (हुकाचं) खरं काम ते हेच.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने सगळं छाटलं. ग्लेव्ह आणि हॅल्बर्ड (दांड्यावरची कुऱ्हाड) किंमत, वजन, फासा सगळ्यात हुबेहूब एकच झाले. तरी पोलआर्म मास्टर या कसबाने दांड्याच्या मागच्या टोकाचा जादा वार दिला, म्हणून त्यांना मागणी राहिली. दोन्हींत फरक आला तो २०२४ मध्ये : ग्लेव्हचा नेम चुकला तरी थोडं लागतं, हॅल्बर्डचा घाव शेजारच्यालाही बसू शकतो. त्याच वर्षीच्या नियमांत सिमिटार या वक्र तलवारीमुळे दुसऱ्या हाताचा वार मुख्य हल्ल्यातच धरला जातो, पाळीतली एकच जादा कृती म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्च होत नाही. निसटून जायला ती अ‍ॅक्शन लागणारी चोर पात्रं त्यामुळे आता एका हातात आखूड तलवार आणि दुसऱ्यात सिमिटार घेऊन फिरतात.