बाँडिंगमधील लिंक-स्थितीची सूचना

सर्व्हरचे दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट एकत्र बांधून त्यांचा एकच इंटरफेस करणे म्हणजे बाँडिंग. अशा बाँडमधल्या एखाद्या पोर्टची लिंक तुटली, पुन्हा जुळली किंवा वाहतूक एका पोर्टवरून दुसऱ्यावर सरकली, तर ते देखरेखीच्या सॉफ्टवेअरला कळवण्याच्या व्यवस्थेची ही नोंद आहे. इथे विचार लिनक्समधील बाँडिंग ड्रायव्हरपुरता केला आहे.

डोनाल्ड बेकर यांनी बेओवुल्फसाठी लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नल २.० वर, जे पॅच (कोडमधले बदल) लिहिले, त्यांतून हा ड्रायव्हर पुढे आला. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि बेकर यांनी १९९४ मध्ये साध्या पीसींचा जो समूह उभारला, तो बेओवुल्फ. तिथे पोर्ट बांधले ते वेगासाठी. बिघाड झेलण्याचे काम बाँडिंगकडे नंतर जास्त आले, आणि सूचनेचा प्रश्नही त्याबरोबरच आला.

बाँडिंग बिघाड लपवते. तेच तिचे काम आहे. दोनपैकी एक केबल निघाली तरी ‘बाँड०’ हा एकत्रित इंटरफेस चालूच दिसतो, चालू असलेल्या प्रोग्रामना काही जाणवत नाही, वापरणाऱ्यांची तक्रार येत नाही. गाडीतली स्टेपनी कधीचीच पंक्चर असावी आणि ते रस्त्यात पुढचे चाक पंक्चर झाल्यावर कळावे, तशी ही गत. शेवटचा पोर्ट पडतो तेव्हाच ‘बाँड०’ बंद होतो, आणि नेमक्या त्या क्षणी सूचना बाहेर पाठवायला वाट उरलेली नसते. त्यामुळे फक्त ‘बाँड०’वर नजर ठेवणारी देखरेख जवळजवळ निरुपयोगी आहे. लक्ष सदस्य पोर्टांवर हवे.

मात्र पोर्टची ‘स्थिती’ एकच नसते. सगळ्यात खालची स्थिती कॅरियरची, म्हणजे कार्डाला तारेच्या पलीकडे कोणी दिसते की नाही याची. एमआयआय तपासणी तेवढेच बघते. तिचा कालावधी ‘मायमॉन’ या पर्यायाने मिलिसेकंदांत देतात आणि १०० ही नेहमीची सुरुवात. जुन्या कर्नलमध्ये मूळ किंमत ० होती, म्हणजे तपासणीच बंद. तशा यंत्रावर बाँड असूनही केबल काढल्यावर बदली होत नसे. ‘डाउनडिले’ आणि ‘अपडिले’ निर्णय थोडा लांबवतात. यांतला दुसरा जास्त कामाचा, कारण स्विच नुकताच चालू झाला असेल तर लिंकचा दिवा लागतो, पण पॅकेट पुढे जायला वेळ लागतो.

त्याच्या वर बाँडिंग ड्रायव्हरचे स्वतःचे मत असते. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार आणि फायबर जोडणारे उपकरण) किंवा दुसरा स्विच असेल, तर जवळची लिंक शाबूत राहून पलीकडची वाट मेलेली असू शकते. त्यासाठी एआरपी (आयपी पत्ता कोणत्या कार्डाचा हे विचारणारा प्रोटोकॉल) तपासणी आहे: ठरवलेल्या पत्त्यांना, जास्तीत जास्त १६, ठरावीक अंतराने विचारत राहायचे. उत्तर थांबले की ड्रायव्हर त्या पोर्टला बंद मानतो. पण कार्डाचा कॅरियर तसाच असतो, म्हणून एसएनएमपीच्या, म्हणजे उपकरणांची स्थिती दुरून विचारण्याच्या प्रोटोकॉलच्या, इंटरफेस तक्त्यात तो पोर्ट चालूच दिसतो. इथे लिंकडाउन ट्रॅपची, म्हणजे लिंक तुटल्यावर एजंट आपणहून पाठवतो त्या संदेशाची, वाट पाहणाऱ्याला ट्रॅप कधीच मिळणार नाही.

एलएसीपीत, म्हणजे सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून पोर्टांचा गट ठरवतात त्या पद्धतीत, याच्या उलट घडते. कॅरियर ठीक, एमआयआय स्थितीही ‘अप’, पण समोरच्या स्विचवर तो पोर्ट गटात घातलेलाच नाही. मग त्याचा ॲग्रिगेटर (पोर्टांचा गट) क्रमांक बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, भागीदाराचा, म्हणजे समोरच्या स्विचचा, मॅक पत्ता सगळी शून्ये दाखवतो, आणि तो पोर्ट नुसता नावाला बाँडमध्ये राहतो. फक्त एमआयआय स्थिती मोजणारा चेक इथे हिरवाच राहील. सक्रिय ॲग्रिगेटरमध्ये किती पोर्ट आहेत तो आकडा वाचावा. भागीदार गप्प झाल्याचे कळायला लागणारा वेळही सेटिंगवर ठरतो: संथ दरात ९० सेकंद, जलद दरात ३.

बातमी पोहोचवण्याचे मार्ग दोन प्रकारचे. कर्नल बदल घडताच नेटलिंक या कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातल्या वाहिनीवरून संदेश सोडतो. ‘आयपी मॉनिटर लिंक’ ही आज्ञा चालवली की ते डोळ्यांसमोर येत राहतात. स्वतःचा एजंट लिहायचा असेल तर इथेच कान लावावा. फक्त सॉकेटचा बफर भरला तर मधले संदेश गळतात, म्हणून तशी त्रुटी आली की पूर्ण यादी पुन्हा मागून घ्यावी लागते. दुसरा प्रकार ठरावीक वेळाने विचारण्याचा. ‘/प्रोक/नेट/बाँडिंग’ या डिरेक्टरीत प्रत्येक बाँडची एक फाइल असते आणि तीत चालू पोर्ट, प्रत्येकाची स्थिती आणि लिंक किती वेळा पडली तो आकडा मिळतो. प्रोमेथियस या देखरेख-प्रणालीचा नोड एक्स्पोर्टर बाँडमधले एकूण पोर्ट आणि चालू पोर्ट अशा दोन मोजण्या देतो. दोन्हींत फरक पडला की अलर्ट, हा नियम सोपा आणि बराच पुरेसा. वर सांगितलेला एलएसीपीचा घोटाळा मात्र त्यातूनही निसटतो.

एसएनएमपी ट्रॅप ऐकायला तत्काळ वाटतो. लिंकडाउन आणि लिंकअप हे ट्रॅप १९९० च्या आरएफसी ११५७ या मानकातही आहेत. पण नेट-एसएनएमपी या एजंट सॉफ्टवेअरमध्ये ‘लिंकअपडाउननोटिफिकेशन्स’ चालू केल्यावर एजंट आतून दर ६० सेकंदांनी तक्ता तपासतो आणि बदल दिसला तरच ट्रॅप पाठवतो. तीन सेकंदांसाठी पडून उठलेली लिंक त्याच्या जाळ्यात येईलच असे नाही. शिवाय ट्रॅप यूडीपीने जातो, पोच मिळत नाही, आणि बदली होत असतानाच तो त्याच बाँडमधून निघालेला असू शकतो. पोच देणारा ‘इन्फॉर्म’ त्यापेक्षा बरा. समोरच्या स्विचकडूनही त्याच पोर्टची सूचना घेतली, तर सर्व्हर गप्प झाला तरी बातमी येते.

क्षणिक पडझड पकडायला स्थितीपेक्षा मोजणी उपयोगी. दोन तपासण्यांच्या मधे लिंक पाच वेळा पडून उठली असेल तर स्थिती दोन्ही वेळा ‘अप’ दिसते, पण पडल्याचा आकडा वाढलेला असतो. पोर्ट बाँडमधून काढून पुन्हा घातला की तो आकडा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे अलर्ट आकड्यावर नव्हे, वाढीवर बसवावा. सैल कनेक्टर किंवा खराब एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचे केबलचे मॉड्यूल) बहुधा आधी इथेच दिसतात.

किती आरडाओरडा करायचा हा धोरणाचा भाग. चारपैकी एक पोर्ट गेला म्हणून रात्री तीनला कोणाला उठवण्यात अर्थ नाही. सकाळी तिकीट पुरे. दोनपैकी एक गेला असेल तर मात्र त्याच दिवशी केबल बघावी.

एक जुनी गुंतागुंत ड्रायव्हरच्या दस्तऐवजातही नोंदलेली आहे. एसएनएमपी एजंट आयपी पत्त्याची सांगड त्या पत्त्यासाठी सापडलेल्या पहिल्या इंटरफेस क्रमांकाशी घालतो. कार्डांचे ड्रायव्हर बाँडिंगच्या आधी लोड झाले तर पत्ता बाँडऐवजी एखाद्या सदस्य पोर्टच्या नावावर दिसू शकतो, आणि देखरेखीच्या पडद्यावर अलर्ट भलत्याच ओळीसमोर उमटतो. म्हणून एसएनएमपी वापरायचे असेल तर बाँडिंग ड्रायव्हर आधी लोड करावा, असे तिथे सांगितले आहे.