चेक काचेवरील सह्यांची पारख

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत घडलेल्या कलाकाचेच्या बुडावरील सही वा छाप मूळची आहे की मागाहून घातलेली, हे ठरवण्याची पद्धत. या बाजारातली नेहमीची लबाडी नकली काचेची नसते. काच खरी, जुनी असते. सही तेवढी ताजी.

याचे कारण कारखान्यांच्या सवयीत आहे. शुमावा डोंगरातील क्लाश्तेर्स्की म्लीन येथील ‘लोट्झ’ने १८९८ मध्ये ‘फेनोमेन’ या झळाळत्या काचेचे पेटंट घेतले. पण त्यांचा बहुतेक माल सहीविनाच बाहेर पडला. सही असलीच तर ती मुख्यतः निर्यातीच्या मालावर. लेनोराच्या क्रालिक कारखान्याची किंवा रिंड्सकॉफची काच पहिल्या नजरेला तशीच दिसते, सही नसते आणि भाव कमी असतो. तिच्यावर ‘लोट्झ’ कोरले की किंमत चढते.

पहिली तपासणी शब्दांची, आणि ती फुकटात होते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून निर्यातीच्या काचेवर ‘ऑस्ट्रिया’ येऊ लागले. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. चेकोस्लोव्हाकिया जन्मला २८ ऑक्टोबर १९१८ रोजी. त्यामुळे १९०० च्या घाटाच्या फुलदाणीखाली ‘चेकोस्लोव्हाकिया’ किंवा १९२० च्या दशकातील घाटाखाली ‘ऑस्ट्रिया’ दिसले तर पुढे फारसे तपासायला उरत नाही. कार्लोव्ही व्हारीच्या ‘मोझर’बाबत आणखी एक खुबी आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या पेढीची स्वतःची भट्टी १८९३ मध्ये सुरू झाली. त्याआधी ती दुसऱ्यांची कोरी काच घेऊन सजवीत असे. म्हणजे त्या काळच्या वस्तूवर सही अस्सल निघाली तरी काच कोणत्या भट्टीची हे तिच्यावरून कळत नाही.

नंतर दहापट भिंग आणि तिरपा उजेड. ‘लोट्झ ऑस्ट्रिया’ ही सही तांब्याच्या फिरत्या चकतीने कोरलेली असेल तर प्रत्येक रेघ होडीच्या आकाराची दिसते: टोकाला बारीक, मध्ये खोल, पुन्हा बारीक. चरीचा तळ गोलसर असतो आणि अक्षराचे वळण अशा दोन-तीन तुकड्यांनी जोडलेले असते. विजेच्या कोरणीने ओढलेली रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते, तिच्यात मण्यांसारखे ठिपके उठतात आणि कडांचे टवके उडतात. चरीत पांढरी पूड अडकलेली सापडते. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती निघते. लेझरच्या खुणा समान अंतरावरच्या सूक्ष्म ठिपक्यांच्या असतात.

आम्लाने उठवलेल्या छापाला खोली जवळजवळ नसते. नख फिरवले तर अडत नाही. पुसट झालेल्या छापावर तोंडाची वाफ सोडली की अक्षरे क्षणभर उघडी पडतात. जुन्या रबरी शिक्क्याचा ठसा वक्र बुडावर सारखा बसत नाही, एका बाजूला फिका येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. स्टेन्सिल ठेवून बाजारातले काच-खोदाईचे मलम लावले असेल तर ‘ओ’ आणि ‘ए’ या रोमन अक्षरांच्या पोटाला जोडणारे पूल राहतात आणि कडा पसरतात.

झिजेची कसोटी सगळे सांगतात, पण ती नेमकी हवी तिथे कामाला येत नाही. टेकणाऱ्या कडेवर सही असेल तर वापराचे ओरखडे अक्षरांवरून गेलेले हवेत. अक्षराने जुना ओरखडा कापला असेल तर सही नंतरची. लोट्झची सही मात्र बहुधा पॉलिश केलेल्या पाँटिलच्या (बुडाला लोखंडी दांडी चिकटवल्याच्या व्रणाच्या) खोलगट वाटीत असते. ती वाटी टेबलाला लागतच नाही, म्हणून तिथे ओरखडे नाहीत याचा काहीच अर्थ होत नाही. तिथे झळाळी पाहावी. ही झळाळी गरम काचेवर धातुक्षारांची वाफ सोडून आणलेली असते आणि पाँटिल घासताना तेवढ्या जागेवरून निघून जाते. सही झळाळीच्या थरावरच कोरलेली असून कडेने थर सुटलेला दिसला, तर शंका घ्यावी. कडेवरचे ओरखडे एकाच दिशेचे असतील तर ते सँडपेपरचे. खरी झीज वेड्यावाकड्या दिशांची असते.

शेवटचा शब्द घाटाचा. लोट्झचे कागदी नमुने, म्हणजे फुलदाण्यांच्या बाह्यरेषा आणि त्यांचे क्रमांक, मोठ्या संख्येने टिकले असून प्रसिद्धही झाले आहेत. वस्तूची उंची आणि तोंडाची घडण त्यांच्याशी ताडावी. घाट जुळला तर सही नसल्याने फारसे बिघडत नाही. बनावट सही आढळली तर ती घासून काढू नये. त्यासाठी पाँटिल पुन्हा पॉलिश करावा लागतो आणि मूळ कारागिराच्या घासाईचा पुरावाही त्याबरोबर जातो.