बारावीनंतर डीएमएलटी की बीएमएलटी? फीचा आणि पगाराचा हिशेब

जून उजाडला की आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेले पालक काउंटरवर थांबून विचारतात, "पोराला डीएमएलटीला टाकू का?" मी उलट विचारते, "डीएमएलटी की बीएमएलटी?" त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "एकच ना ते?"

एकच नाही. दोन्ही कोर्स लॅब टेक्निशियनचेच, पण डीएमएलटी (डिप्लोमा इन मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी) ही पदविका, बारावी सायन्सनंतर साधारण दोन वर्षांची. बीएमएलटी ही त्याच विषयाची पदवी, इंटर्नशिप धरून तीन ते चार वर्षांची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) ही पदवीसुद्धा याच रांगेतली: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बीएस्सी करून मग डीएमएलटी करण्याची जुनी वाटही आहे. तिच्याकडे पुढे येते.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण लॅबमध्ये दोघांचं काम सारखंच दिसतं. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग, दंडाला पट्टा, शीर चाचपणं, सुई. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की ती लगेच आठदहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची. हे राहिलं तर आत बारीक गुठळ्या होतात आणि मशीन प्लेटलेट खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. डेंग्यूच्या दिवसांत अशा एका आकड्याने घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ही सवय हातात बसावी लागते, सर्टिफिकेट कुठलंही असो. म्हणूनच तालुक्याच्या खासगी लॅबमध्ये दोघांच्या पहिल्या पगारात फारसा फरक पडत नाही. मालक हात बघतो.

फरक कळतो तो नोकरीच्या जाहिरातीत, पात्रतेच्या रकान्यात. रेल्वेचंच घ्या. तिथल्या दवाखान्यांसाठी 'लॅब असिस्टंट ग्रेड २' हे पद भरतात. त्याला बारावी सायन्स आणि डीएमएलटी चालतं, सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगार २१,७०० रुपये. दुसरं पद 'लॅबोरेटरी सुपरिटेंडंट ग्रेड ३', मूळ पगार ३५,४०० रुपये. त्याला लॅब टेक्नॉलॉजीतली बीएस्सी किंवा तिच्या तोडीची पदवी लागते, नाहीतर ठरावीक विषयांतली बीएस्सी आणि वर डीएमएलटी. जुनी वाट म्हटलं ती हीच. महिन्याला १३,७०० रुपयांचा फरक, म्हणजे वर्षाला १,६४,४००, आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा.

आता खर्च मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कॉलेजचे घालून बघा. समजा पदविकेची फी वर्षाला ५०,००० म्हणजे दोन वर्षांची एक लाख, आणि पदवीची ७५,००० प्रमाणे तीन वर्षांची सव्वादोन लाख. जास्तीची फी झाली १,२५,०००. पण लोक विसरतात ती पुढची रक्कम. पदवीचं इंटर्नशिपचं वर्ष धरलं तर पदविकावाला दोन वर्षं आधी कमवायला लागतो. महिना १२,००० धरले तरी ते २,८८,००० होतात. एकूण ४,१३,०००, राहण्याजेवणाचा खर्च सोडून.

वरच्या सरकारी पदावर लागलात तर हे पैसे अडीच वर्षांत वसूल. पण आयुष्यभर खासगी लॅबमध्येच राहायचं असेल आणि पदवीमुळे महिन्याला फार तर ३,००० जास्त मिळणार असतील, तर साडेअकरा वर्षं लागतात. म्हणून मी पालकांना आधी विचारते, मूल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार आहे का? करणार असेल तर पदवी घ्या. घरी पैशाची नड असेल आणि लवकर हातभार हवा असेल तर पदविका घ्यायला अजिबात संकोच करू नका. काही विद्यापीठं पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश देतात, मात्र तशी सोय आहे का ते लेखी घ्या.

स्वतःची लॅब काढायची म्हणून पदवी घेणारे बरेच असतात. त्यांना मी कळकळीने सांगते, डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही लागते. या बाबतीत डीएमएलटी आणि बीएमएलटी एकाच पायरीवर आहेत.

कायद्यातही शिक्षणाच्या तासांनुसार दोन वेगळी नावं आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी असलेला 'संलग्न आरोग्य व्यावसायिक', आणि किमान ३,६०० तासांची पदवी असलेला 'आरोग्यसेवा व्यावसायिक'. यामुळेच सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन करणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. घरबसल्या मिळणारी पदवीही नको: या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे.

फीचं ओझं हलकं करायचं असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या बीपीएमटीसाठी आधी धडपड करा, तिथली फी खासगीच्या मानाने खूपच कमी असते. मुलगी असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४ च्या शासन निर्णयाची शिक्षण शुल्क माफी तुमच्या प्रवर्गाला आणि त्या कोर्सला लागू होते का ते महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर बघा. आणि खासगी कॉलेजात पैसे भरण्याआधी गेल्या वर्षी पास झालेल्या एखाद्या विद्यार्थ्याचं सर्टिफिकेट दाखवा म्हणा. त्यावर विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव कोणतं आहे, आणि त्यावर राज्याच्या पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी झाली का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच पावती फाडा.