आशाताईंच्या नावाचा एक आठवडा

२२ फेब्रुवारी १९९८, रविवार. बीबीसीच्या रेडिओ वनवर त्या आठवड्यातली सर्वाधिक खपलेली चाळीस गाणी नेहमीप्रमाणे शेवटून पहिल्यापर्यंत वाजत गेली. आदल्या आठवड्यात 'टायटॅनिक'मधलं सेलिन डिऑनचं 'माय हार्ट विल गो ऑन' अव्वल होतं. ते खाली सरकलं आणि पहिल्या क्रमांकावर आलं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. गाणाऱ्या बँडचं नाव कॉर्नरशॉप, आणि गाण्यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. पुढच्या रविवारी मॅडोनाचं 'फ्रोझन' आलं, त्यानंतरच्या रविवारी सेलिन डिऑन पुन्हा वर चढली. सांगलीत जन्मलेल्या, पहिलं चित्रपटगीत १९४३ साली 'माझा बाळ' या मराठी चित्रपटासाठी गायलेल्या गायिकेचं नाव ब्रिटनच्या यादीत सर्वांत वर राहिलं ते २८ फेब्रुवारीला संपलेला तो एकच आठवडा.

या एका आठवड्यामागे जवळजवळ अर्ध्या शतकाची गोष्ट आहे, आणि ती संगीताइतकीच मोजदादीची आहे. कोणाचा खप मोजायचा, कुठल्या दुकानातला, कोणी? आशाताईंच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं विकल्या जात होत्या. यादी करणाऱ्यांच्या वहीत मात्र ती दुकानं नव्हती.

ब्रिटनमध्ये गाण्याची लोकप्रियता आधी छापील स्वरलिपीच्या खपावरून ठरायची. घरात पियानो असलेली माणसं गाण्याचा कागद विकत आणायची, त्याची यादी निघायची. रेकॉर्डच्या खपाची पहिली यादी आली १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात. तिथे जाहिरातींचं काम पाहणाऱ्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन केले, तुमच्याकडे या आठवड्यात काय जास्त खपलं ते विचारलं, उत्तरांची बेरीज केली आणि बारा क्रमांक छापले. काही गाणी बरोबरीत सुटल्यामुळे बारा जागांवर पंधरा रेकॉर्डी बसल्या. पहिला होता अमेरिकन गायक अल मार्टिनो, 'हिअर इन माय हार्ट' या गाण्यासह, आणि तो नऊ आठवडे तिथून हलला नाही. फोन आणि कागद-पेन्सिल, एवढ्यावर एका राष्ट्रीय यादीचा पाया घातला गेला.

बरोबर एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्याच वर्षी नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतं आटली होती आणि श्रोता कोलंबोकडे वळला होता. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून लघुलहरींवर त्यांचा आवाज आपल्या घरात परत यायचा. सुरुवातीला क्रम नव्हता. सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी पत्रातून क्रम लावायचा, बरोबर आल्यास बक्षीस. काही काळानंतर क्रमवारीची 'पायदानं' आली, सर्वांत वरचं 'सरताज गीत' आलं. पत्रं, रेकॉर्डच्या दुकानांचे आकडे, गावोगावचे श्रोता संघ असं सगळं त्यात मिसळलेलं असे. लंडनच्या यादीइतकीच हीसुद्धा माणसांनी बसवलेली गोष्ट होती, आणि आशाताई-लताताई-रफीसाहेबांची गाणी आठवड्याच्या मापाने ऐकायची सवय आपल्याला तिनेच लावली.

ब्रिटनमध्ये पुढची सतरा वर्षं एकच अशी यादी नव्हतीच. प्रत्येक संगीत-साप्ताहिकाची आपापली. बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' १९६३ च्या सुरुवातीला 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि 'मेलडी मेकर' यांच्या यादीत पहिलं होतं, पण 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत दुसरं. पुढे संदर्भग्रंथांनी 'रेकॉर्ड रिटेलर' प्रमाण मानलं, म्हणून आज अधिकृत नोंदीत बीटल्सचं पहिलं अव्वल गाणं 'फ्रॉम मी टू यू' ठरतं. त्या वेळी ऐकणाऱ्याला हे पटलं नसतं. बीबीसी वेगवेगळ्या याद्यांची गोळाबेरीज करायची, तेव्हा १९६८ च्या ऑगस्टमध्ये एकदा तीन गाणी एकदम पहिल्या क्रमांकावर आली. हा घोळ मिटवण्यासाठी बीबीसी आणि 'रेकॉर्ड रिटेलर' यांनी मिळून ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्युरोला काम दिलं. फेब्रुवारी १९६९ पासून अडीचशे दुकानांतल्या विक्रेत्यांनी विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डची नोंद डायरीत करायची आणि डायरी टपालाने पाठवायची, अशी पद्धत सुरू झाली. १९७१ च्या आरंभी टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला तर यादीच अडखळली.

अडीचशे दुकानं म्हणजे नमुना. नमुन्यात कोण येतं हा खरा प्रश्न. कोणती दुकानं यादीत आहेत याचा सुगावा लागला की कंपन्यांची माणसं तिथे जाऊन आपल्याच रेकॉर्डी विकत घ्यायची, असे गैरप्रकार सत्तर-ऐंशीच्या दशकांत उघड झाले. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दुसरी बाजू त्या मानाने दुर्लक्षित राहिली: जी दुकानं नमुन्यात कधी आलीच नाहीत त्यांची.

लंडनजवळचं साउथॉल, बर्मिंगहॅमचा सोहो रोड, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड. पंजाबातून आलेले कामगार, १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेली गुजराती कुटुंबं, त्यांच्या वस्त्या इथे वाढल्या. इथे गाणी मिळायची ती डाळ-तांदळाच्या पोत्यांशेजारी, साड्यांच्या दुकानात, हिंदी सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेटींच्या मांडणीत. ऐंशीच्या दशकात 'अलाप', 'हीरा' अशा भांगडा गटांच्या कॅसेटी भरपूर खपत. लग्नाच्या हॉलमध्ये आणि दुपारच्या डान्स पार्ट्यांत पोरं त्यावर नाचत. पण कॅसेट स्वस्त, दुकान किराण्याचं आणि विक्रीची वही यादीवाल्यांकडे न जाणारी. म्हणून ब्रिटनमध्येच बनलेलं आणि ब्रिटनमध्येच खपलेलं हे संगीत 'टॉप फॉर्टी'त दिसायचंच नाही. ते वाईट होतं म्हणून नाही, आणि ऐकणारे थोडे होते म्हणूनही नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कोणी विचारलंच नाही, एवढंच त्याचं कारण. लताताई आणि आशाताईंच्या कॅसेटींचंही तेच.

या पार्श्वभूमीवर बँडचं नाव पाहा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लेस्टरमध्ये तजिंदर सिंग, बेन एअर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 'कॉर्नरशॉप' उभा केला. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे भारतीय माणसाचं, हा तिथला ठरीव शिक्का. या मुलांनी तोच शिक्का उचलून पाटीवर लावला. सुरुवातीला त्यांचं संगीत कर्कश होतं आणि भूमिका उघड लढाऊ. कट्टर उजव्या गटांनी आपलासा केलेल्या ब्रिटिश झेंड्याशी मॉरिसी या गायकाने चालवलेल्या खेळाच्या निषेधार्थ त्यांनी त्याचं चित्र जाळलं होतं. १९९७ च्या त्यांच्या अल्बममध्ये बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायलेलं आहे, आणि त्याच अल्बममध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' आहे.

गाण्याचा विषय आपल्याला समजावून सांगायला नको, पण लंडनच्या ऐकणाऱ्याला तो नवा होता: पडद्यावर ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. ज्या आवाजांनी हजारो गाणी गायली त्या पार्श्वगायकांना केलेला हा मुजरा आहे. आशाताईंबरोबर लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचीही नावं येतात. शिवाय मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या छोट्या सात इंची तबकडीवरचं प्रेम त्यात ओसंडून वाहतं. ज्या घरात अशी तबकडी जपून पाकिटात ठेवली गेली त्या घरातल्या मुलानेच असं गाणं लिहावं.

मूळ गाणं संथ आणि गोड आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये ते साठाव्या क्रमांकापर्यंतच पोचलं. रेडिओ वनवरचे निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षाचं सर्वोत्तम गाणं म्हणून त्यालाच कौल दिला. मग नॉर्मन कुक यांच्या हाती ते आलं. फॅटबॉय स्लिम या नावाने गाजत असलेले हे ब्रायटनचे डीजे पूर्वी 'हाउसमार्टिन्स' या बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. त्यांनी गाण्याचा वेग वाढवला, स्वर चढवला, खाली जाडजूड ताल घातला आणि ते नाचण्याजोगं केलं. मला स्वतःला मूळ रूप जास्त भावतं, त्यातली दुपारची सुस्ती रीमिक्समध्ये हरवते. पण यादीत वर नेलं ते रीमिक्सनेच.

तोवर मोजदादही बदलली होती. १९८३ पासून गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेने डायऱ्यांच्या जागी दुकानात यंत्रं बसवायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात बारकोड वाचून हजारो दुकानांचे आकडे जमू लागले. नवी सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली रेकॉर्ड किंवा सीडी, सोमवारी बाजारात यायची, मोजणी शनिवारी संपायची, रविवारी निकाल. कंपन्या गाणं आधी काही आठवडे रेडिओवर वाजवत ठेवायच्या आणि पहिल्या आठवड्यात सीडीची किंमत उतरवायच्या. त्यामुळे गाणं थेट पहिल्या क्रमांकावर उतरायचं आणि लगेच घसरायचं. 'ब्रिमफुल ऑफ आशा'चा एकच आठवडा हा त्या काळाचा ठसा आहे. त्यात मॅडोना आणि सेलिन डिऑनसारख्या नावांच्या मधली फट सापडायला नशीबही लागतंच.

हे काही आकाशातून पडलं नव्हतं. बर्मिंगहॅमचा गायक अपाचे इंडियन १९९३ मध्ये 'बूम शॅक-अ-लॅक' घेऊन पाचव्या क्रमांकावर गेला होता. तिथलाच बॅली सागू १९९६ मध्ये 'दिल चीज' हे हिंदी शब्दांचं गाणं बाराव्या क्रमांकापर्यंत घेऊन गेला. जानेवारी १९९७ मध्ये रुरकेलात जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये वाढलेला ज्योती मिश्रा 'व्हाइट टाउन' या नावाने पहिला आला. त्याहून मागे जायचं तर पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा 'क्वीन' या बँडचा फ्रेडी मर्क्युरी होऊन १९७५ च्या अखेरीस 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'सह नऊ आठवडे अव्वल राहिला होता, पण तिथे नावावर किंवा सुरांवर भारताची खूण नव्हती. १९९८ मध्ये ती खूण शीर्षकातच होती, दडवलेली नव्हती, आणि दुकानदाराला सीडी मागताना प्रत्येकाला 'आशा' म्हणावंच लागत होतं.

अधिकृत नोंदीत त्या आठवड्यासमोर कलाकार म्हणून कॉर्नरशॉपचं नाव आहे. आशाताईंचा आवाज त्या गाण्यात नाहीच.

पुढे २००३ मध्ये पंजाबी एमसीचं 'मुंडियां तो बच के' पाचवं आलं. २०१० मध्ये बीबीसी एशियन नेटवर्कबरोबर आशियाई संगीताची वेगळी अधिकृत यादी सुरू झाली. जुलै २०१४ पासून ब्रिटनच्या मुख्य सिंगल्स यादीत स्ट्रीमिंग मोजलं जाऊ लागलं, सुरुवातीला शंभर वेळा ऐकणं म्हणजे एक विक्री या हिशेबाने, आणि जुलै २०१५ पासून निकाल रविवारऐवजी शुक्रवारी लागू लागला. आता गल्ला मध्ये येत नाही. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या मराठी घरात सकाळी फोनवर लागलेलं 'केव्हातरी पहाटे' आणि शेजारच्या घरातलं ताजं इंग्रजी गाणं एकाच वहीत नोंदलं जातं.