जमिनीखालचा भोवरा

नवा मेटल डिटेक्टर हातात आला की पहिल्या दिवशी प्रत्येक आवाजाला छाती धडधडते. पडद्यावर चांगला आकडा उमटतो, आपण गुडघे टेकून खणायला लागतो आणि हाती येते शीतपेयाच्या कॅनची कडी. असे दहा-बारा वेळा झाले की यंत्रच वाईट आहे असे वाटू लागते. यंत्र मात्र त्याला जे जाणवले तेच सांगत असते. त्याला नेमके काय जाणवते, हे आधी समजून घेतले तर पुढचे शिकणे फार सोपे होते.

दांड्याच्या टोकाला जी गोल चकती असते, ती कॉइल. तिच्या आत साधारणपणे तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत प्रवाह जातो. बऱ्याच यंत्रांत ही वारंवारता ५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळे खालच्या मातीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र पसरते. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वाहकात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. इथेही तेच घडते. मातीतल्या नाण्यात विजेचे बारीक भोवरे फिरू लागतात, त्या भोवऱ्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. ही दोन वेटोळी अशी बसवलेली असतात की जवळ धातू नसताना पहिल्याचा दुसऱ्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. हा तोल ढळला की कानात सूर वाजतो.

आता आकड्याचे. जाड, उत्तम वाहक तुकड्यात हे भोवरे रेंगाळतात. पातळ चंदेरी कागदात लगेच विरतात. यंत्र हा रेंगाळण्याचा फरक मोजते आणि त्याचा एक आकडा करून दाखवते. लोखंड चुंबकीय असल्याने त्याचा प्रतिसाद वेगळा असतो आणि ते बहुधा तळाच्या आकड्यांत जाते. वरच्या टोकाला चांदीची आणि तांब्याची मोठी नाणी येतात. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. तांब्याची वाहकता १०० धरली तर शुद्ध सोन्याची सुमारे ७० आणि ॲल्युमिनियमची सुमारे ६३ भरते. त्यात वस्तूचा आकार आणि जाडी यांचाही वाटा असतो, म्हणून सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी यांचा आकडा एकच येऊ शकतो. कचरा नको म्हणून जो हा पट्टा बंद करून टाकतो, तो अंगठ्याही बंद करतो. सोन्याची बारीक साखळी तर याहून अवघड. तिची प्रत्येक कडी सुटी असल्याने मोठा भोवरा फिरायला अखंड वाट मिळत नाही आणि यंत्राला ती एखाद्या क्षुल्लक तुकड्याइतकीच जाणवते.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिले काही तास खणूच नये. स्वच्छ जमिनीवर ओळखीच्या वस्तू मांडाव्यात आणि त्यांवरून कॉइल फिरवावी. घरातल्या फरशीखाली लोखंडी सळ्या असतात, तेव्हा हे बाहेरच करावे. नाणे आडवे ठेवून ऐका, मग उभे ठेवून. उभ्या नाण्यावर पुष्कळदा दोन ठोके ऐकू येतात. नाण्याशेजारी खिळा ठेवला की सूर कसा तुटक होतो ते लक्षात घ्या. बाटलीचे पत्र्याचे झाकण मुद्दाम तपासा. ते लोखंडी असूनही चपट्या आकारामुळे वरचा आकडा देऊन चकवते, पण त्याच्या आवाजात एक खरखर असते. ही खरखर पडद्यावर दिसत नाही. तिला कानच लागतात.

खोलीबद्दल गैरसमज फार. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल, तर जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परतणारेही तसेच. अंतर दुप्पट झाले की संकेत ६४ पटींनी दुबळा होतो. कॉइल झोपाळ्यासारखी फिरवून दोन्ही टोकांना उचलली, तर त्या दोन-चार सेंटिमीटरांत किती हरवते ते यावरून समजेल. ती जमिनीला समांतर, सावकाश आणि मागची फेरी थोडी झाकत फिरवावी. संवेदनशीलता पूर्ण वाढवून खोली मिळते असे वाटते, पण त्याबरोबर विजेच्या तारांचा आणि मातीतल्या खनिजांचा गोंगाटही वाढतो. आधी कॉइल जमिनीवर खाली-वर करून मातीशी जुळवून घ्यावी, मगच संवेदनशीलता वाढवावी.

आसपासच्या धातूचा विसर फार जुना आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली ती गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे यंत्र आणले, पण गोळी सापडली नाही. अंथरुणातल्या पोलादी तारांनी घोळ केला, असे एक कारण सांगितले जाते. दुसरे असे, की डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी निघाली पाठीच्या कण्याच्या डावीकडे. तुमच्या बुटातली पोलादी पट्टी, हातातले कडे आणि खिशातला मोबाइल आधी आठवा.

जमीनमालकाची परवानगी आणि तिथला कायदा यांत सवलत नाही. पुरातत्त्वीय जागी खणले तर वस्तू हाती येते, पण ती कोणत्या थरात कशाशेजारी होती ही माहिती कायमची जाते. बाँब किंवा तोफगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना कळवावे.

बाकी ठिकाणी सुरुवातीला सगळेच खणा, आकडा आणि निघालेली वस्तू वहीत टिपून ठेवा. खड्डा बुजवण्याआधी त्यावरून कॉइल पुन्हा एकदा फिरवा. वरचा गंजका खिळा निघाल्यावर त्याच्याआड दबलेल्या नाण्याचा सूर कधीकधी तेव्हाच पहिल्यांदा ऐकू येतो.